अर्धस्वयंचलित रायफल तेल देऊनही पुन्हा पुन्हा का अडकते? वंगण, गॅस आणि रचनेचा तपास

तक्रार जवळजवळ नेहमी एकाच शब्दांत येते. रायफल पहिल्या दोन-तीन गोळ्या व्यवस्थित झाडते, त्यानंतर पुंगळी, म्हणजे काडतुसाचे रिकामे कवच, बाहेर पडण्याच्या खिडकीत अडकते किंवा पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, चढत नाही. कॉकिंग हँडल हाताने ओढले की एक गोळी सुटते आणि पुन्हा तोच प्रकार. रायफल उघडून पुसली आणि भरपूर तेल दिले की आठ-पंधरा दिवस ती बिनतक्रार चालते, आणि पुढच्या सरावाला तोच दोष जसाच्या तसा परत येतो. पोलीस दलात आर्मोरर (शस्त्रदुरुस्ती करणारा कारागीर) म्हणून काढलेली माझी बहुतेक वर्षे गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत गेली, आणि तिथे ही तक्रार मी दर उन्हाळ्यात व दर पावसाळ्यात ऐकली. माझा अनुभव असा की परत येणारा दोष बहुधा पहिल्या उपायानेच जिवंत ठेवलेला असतो. तेल कमी पडले म्हणून रायफल अडकण्यापेक्षा तेल चुकीच्या जागी, चुकीच्या जातीचे किंवा धुळीत कालवलेले आहे म्हणून ती अडकण्याचे प्रसंग मी कितीतरी जास्त पाहिले आहेत.

येथे जे लिहीत आहे ते मुख्यत्वे ७.६२ मिलिमीटरच्या एसएलआरविषयी (सेल्फ लोडिंग रायफल) आहे, म्हणजे इच्छापूरच्या कारखान्यात बनलेल्या आणि मूळ बेल्जियन एफएएलच्या रचनेवर आधारलेल्या रायफलीविषयी. ही रायफल सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे हे लिखाण प्रामुख्याने दलातल्या तरुण सहकाऱ्यांसाठी आहे. पॉइंट बावीस बोअरच्या अर्धस्वयंचलित रायफलीचे गणित वेगळे असते. त्याविषयी शेवटाकडे लिहिले आहे.

तपासाला हात घालण्यापूर्वी मॅगझिन काढावे, कॅरियर (कॉकिंग हँडलने मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून धरावा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपावे. पंचवीस वर्षे हेच काम करणाऱ्या माणसानेही प्रत्येक वेळी हे केलेच पाहिजे.

आता रायफल चालते कशी ते नीट समजून घेऊ, कारण सगळा दोष तिथेच सापडतो. गोळी नळीतून पुढे जात असताना नळीच्या वरच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्रातून थोडा गॅस बाहेर येतो आणि पिस्टनला मागे ढकलतो; पिस्टन कॅरियरवर आपटतो; कॅरियर थोडे अंतर मोकळा मागे सरकतो आणि मग ब्रीच ब्लॉकची, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या ठोकळ्याची, मागची बाजू उचलून त्याला कुलपातून सोडवतो. पुंगळी ओढून काढणे, ती बाहेर फेकणे, घोडा चढवणे आणि दस्त्यातली स्प्रिंग दाबणे ही सारी कामे त्या एका धक्क्याच्या ठरलेल्या शिदोरीवर होतात. परतीच्या वाटेवर गॅसची काहीच मदत नसते. काडतूस उचलणे, ते चेंबरमध्ये ढकलणे आणि कुलूप लावणे हे केवळ स्प्रिंगच्या जोरावर घडते. वाटेत घर्षणाने जेवढी शक्ती खाल्ली तेवढी शेवटच्या कामाला कमी पडते.

म्हणूनच रायफल अडकली की तिला लगेच झटका देऊन मोकळी करण्याऐवजी कॅरियर नेमका कुठे थांबला आहे ते पाहावे. कवायतीत शिकवला जाणारा ‘फौरी इलाज’, म्हणजे अडकलेली रायफल झटपट मोकळी करण्याची कृती, प्रत्यक्ष चकमकीत प्राण वाचवतो आणि तिथे तो क्षणभरही न थांबता करायचा असतो. पण फायरिंग रेंजवर तोच इलाज दोषाचा पुरावा पुसून टाकतो. पुंगळी खिडकीत चिमटलेली असेल तर कॅरियर पूर्ण मागे आलेलाच नाही, म्हणजे गॅस कमी पडला किंवा घर्षण वाढले. पुंगळी बाहेर गेली पण पुढचे काडतूस उचललेच गेले नाही, तर तीच कमतरता थोड्या सौम्य प्रमाणात आहे, नाहीतर मॅगझिनची स्प्रिंग काडतूस वेळेत वर आणत नाही. काडतूस अर्धे आत जाऊन कॅरियर बोटभर मागे थांबला असेल तर जाण्याचा प्रवास ठीक आहे आणि परतीचा बिघडला आहे. तिथे गॅसला हात लावण्यात अर्थ नाही, स्प्रिंग, चेंबर आणि सरकण्याच्या कडा पाहाव्यात. पुंगळी चेंबरमध्येच राहून गेली असेल तर तो चौथा आणि वेगळाच प्रकार आहे, आणि त्याच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण त्याचा सर्वांत चुकीचा अर्थ लावला जातो.

एका दूरक्षेत्राचा (दुर्गम पोलीस चौकीचा) प्रसंग सविस्तर सांगतो. मे महिना होता, आणि त्या भागातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नसते. तिथल्या अर्ध्याहून अधिक रायफली दोन-तीन गोळ्यांनंतर पुंगळी चिमटून थांबत होत्या. जवान निष्काळजी नव्हते. उलट रोज संध्याकाळी रायफल उघडून फुलतरू (नळी साफ करण्याची दोरी) आणि चिंदी फिरवत होते आणि प्रत्येक सरकत्या भागाला तेल देत होते. मी पहिल्या रायफलीचा कॅरियर बाहेर काढला तेव्हा त्याच्या कडांवर डिंकासारखा तपकिरी, चिकट थर होता, आणि नाकाजवळ नेताच वास ओळखीचा वाटला. तो जवसाच्या तेलाचा होता. आमच्या विदर्भात जवस हे रब्बीचे जुने पीक आहे, जवसाची चटणी ज्याने खाल्ली आहे त्याला तो वास चुकत नाही. शस्त्रांचे खनिज तेल संपले होते, आणि लाकडी दस्त्यांना लावण्यासाठी आलेला जवसाच्या तेलाचा डबा कोतमध्ये (शस्त्रागारात) तसाच पडून होता. तेल ते तेल, असे समजून कोणीतरी तेच लोखंडाला लावायला सुरुवात केली होती.

जवसाच्या तेलाचा गुणच असा की ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि घट्ट होते. ते उडून जात नाही, जागच्या जागी वार्निशसारखे जमते. लाकडासाठी हे वरदान आहे, म्हणूनच सुतार आणि रंगारी ते वापरतात. सरकत्या पोलादासाठी मात्र तो हळूहळू लागणारा ब्रेक आहे. तिथे दोष दर पंधरवड्याला परत का येत होता तेही उलगडले. जुन्या थरावर ताजे तेल पडले की तो काही दिवस निसरडा राहत असे, आणि मग नवे तेलही जमून थर आणखी जाड होत असे. जवान जितक्या निष्ठेने तेल देत होते तितका दोष पक्का होत होता. आम्ही पिस्टन, ब्रीच ब्लॉक यांसारखे सुटे पोलादी भाग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात उकळले, पितळी ब्रशने घासले, उकळत्या साध्या पाण्याने धुऊन गरम असतानाच कोरडे केले आणि लगेच खनिज तेलाचा हात दिला. उशीर केला असता तर उघड्या पोलादावर तासाभरात गंज धरला असता. रायफलीच्या शरीराच्या, म्हणजे कॅरियर ज्यात सरकतो त्या चौकटीच्या, आतल्या कडा रॉकेलच्या चिंदीने पुन्हा पुन्हा पुसाव्या लागल्या. रॉकेल हे धुण्यासाठी आहे, वंगण म्हणून नाही. ते उडून गेल्यावर लोखंड कोरडे आणि गंजायला मोकळे राहते, म्हणून शेवटचा हात तेलाचाच असला पाहिजे.

त्या रायफली सुधारल्या, पण दोन रायफलींची तक्रार आठवड्याने पुन्हा आली, आणि त्यांच्यात जवस नव्हते. त्या रोज गाडीतून जाणाऱ्या पथकाच्या होत्या. आलापल्लीहून एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्याने ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना सूरजागडच्या लोहखनिजाची लाल धूळ ठाऊक आहे. लोहाचे हे ऑक्साइड इतके कठीण असते की त्याची बारीक पूड धातूला चकाकी आणण्यासाठी वापरली जाते. ती पूड तेलात मिसळली की तिचे घासून काढणारे मलम तयार होते, आणि ते मलम कॅरियर व शरीराच्या कडांच्या मध्ये प्रत्येक गोळीला फिरत राहते. कडांवरचे तेल दोन बोटांत घेऊन चोळावे. करकर लागली तर त्या जागी आणखी एक थेंबही देऊ नये, आधी सगळे पुसून काढावे. चंद्रपूर आणि वणीच्या बाजूला हीच गत कोळशाच्या धुळीने होते, आणि वरोऱ्याकडे जिनिंगच्या हंगामात उडणारी रुई तेलकट जागी अशी काही बसते की तिचा घट्ट लगदा होतो.

मग उन्हाळ्यात रायफल अगदी कोरडी ठेवावी काय? काही जुने उस्ताद तसे सांगत असत, आणि ते मला मान्य नाही. पोलादावर पोलाद कोरडे घासले की कडा ओरखडतात आणि ते नुकसान कायमचे असते. माझी रीत अशी होती की कॅरियरच्या सरकण्याच्या कडा, ब्रीच ब्लॉक उचलणारी उतरती बाजू, कुलूप बसण्याची जागा आणि घोड्याचा माथा यांवर बोटाला लावलेल्या तेलाचा पुसट हात फिरवावा, इतका पुसट की चमक दिसावी पण थेंब जमू नये. रॅकमध्ये दिवसेंदिवस उभ्या असलेल्या रायफलीतले पातळ तेल उन्हाळ्याच्या उष्णतेत खाली ओघळून चापाच्या यंत्रणेत आणि दस्त्यात उतरते, त्यामुळे वरच्या कडा कोरड्या आणि खालचा भाग ओला अशी उलटी स्थिती होते. अशी रायफल बाहेर काढताना नवे तेल ओतण्याआधी खालचे पुसणे महत्त्वाचे आहे.

पिस्टन, गॅस सिलिंडर, चेंबर आणि नळीची आतली बाजू मात्र फायरिंगपूर्वी पूर्ण कोरडी हवी. गॅसच्या वाटेवर राहिलेले तेल पहिल्या काही गोळ्यांतच जळून काजळी होते आणि पिस्टनला धरते. स्प्रिंग काढून पिस्टन सिलिंडरमध्ये सोडावा आणि रायफल पुढे-मागे कलती करावी. तो आपल्या वजनाने सरकला पाहिजे. चेंबरचे कारण निराळे आहे. गोळी सुटते त्या क्षणी पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या जोराचा काही भाग स्वतः झेलते. भिंत तेलकट असेल तर ती पकड सुटते आणि तो सारा भार ब्रीच ब्लॉकवर व कुलपावर पडतो. बैलगाडीच्या आसाला वंगण नसेल तर गाडी कुरकुरते. तेच वंगण पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला लागले तर पट्टा घसरतो आणि गिरणी बंद पडते. रायफलीत आस आणि पट्टा दोन्ही एकमेकांपासून चार बोटांवर असतात.

पावसाळ्यात प्रश्न उलटतो. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या बांधीतून दिवसभर गस्त घातली की पातळ तेल पावसाने धुऊन निघते. हा अनुभव केवळ आपला नाही. अमेरिकेने १९३६ मध्ये स्वीकारलेली जॉन गॅरंड यांची एम-१ रायफल भर पावसात, तेल धुऊन गेल्यावर, बोल्टपाशी (एसएलआरच्या ब्रीच ब्लॉकचेच काम करणारा भाग) जाम होत असे. त्यावर तोडगा म्हणून सैनिकांना दस्त्यात बसेल अशी ग्रीसची लहान डबी दिली जाऊ लागली. घर्षणाच्या जागी ग्रीसचा पातळ लेप पाण्याला दाद देत नाही. आमच्याकडे जुलै ते सप्टेंबर मी कडांना तेलाऐवजी हलके ग्रीस लावत असे आणि दिवाळीनंतर धूळ उडू लागली की ते पूर्ण काढून टाकत असे. हा बदल विसरला की पावसाळ्याचे ग्रीस उन्हाळ्याची धूळ गोळा करते. एसएलआरची परतीची स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या नळीत असते आणि तिथे शिरलेले पाणी बाहेरून दिसत नाही. काडतूस अर्धे चढून थांबण्याच्या ऑगस्टमधल्या अनेक तक्रारींत मला दोष तिथेच, गंजलेल्या स्प्रिंगमध्ये सापडला.

आता रेग्युलेटरकडे वळतो, कारण वारंवार परत येणाऱ्या दोषाचे दुसरे मोठे घर तिथे आहे. एसएलआरचा रेग्युलेटर जादा गॅस बाहेर सोडून देण्याच्या तत्त्वावर चालतो; तो गॅस बाहेर सोडणारे छिद्र जितके बंद करावे तितका पिस्टनला मिळणारा गॅस वाढतो. रायफल घाणीने जड झाली की जवान रेग्युलेटर एक-दोन टप्पे बंद करतो, रायफल चालू लागते, आणि दोष मिटला असे सर्वांना वाटते. घाण तशीच राहते. पुढे रायफल तपासणीसाठी येते, स्वच्छ होते, योग्य वंगण मिळते, पण रेग्युलेटर त्याच बंद जागी राहतो. आता घर्षण कमी आणि गॅस जास्त. कॅरियर फार वेगाने मागे येतो, पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून असतानाच एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी ओढून काढणारा आकडा, तिला खेचू लागतो, आणि पुंगळीची कड फाटते किंवा एक्स्ट्रॅक्टर निसटून पुंगळी आतच राहते. हाच तो चौथा प्रकार. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गॅस कमी पडला, म्हणून तो छिद्र आणखी बंद करतो. मी अशा रायफली पाहिल्या आहेत ज्यांचा एक्स्ट्रॅक्टर तीनदा बदलला गेला होता आणि रेग्युलेटरला कोणी हात लावला नव्हता. स्वच्छ आणि नीट वंगण केलेल्या रायफलीवरच, छिद्र मोकळे ठेवून सुरुवात करावी, एकेक गोळी झाडत एकेक टप्पा बंद करत जावे, आणि पुंगळी नीट बाहेर फेकली जाऊ लागली की थोडी राखीव शक्ती म्हणून एखाद-दोन टप्पे पुढे जाऊन थांबावे. तो आकडा रायफलीच्या क्रमांकासमोर नोंदवहीत लिहावा.

गॅस प्लगही याच वेळी पाहावा. रायफल ग्रेनेडसाठी गॅसची वाट पूर्ण बंद करण्याची सोय त्याच्यात असते, आणि सफाईनंतर तो उलटा बसला तर रायफल प्रत्येक गोळीनंतर हाताने ओढावी लागते. हा दोष अर्ध्या मिनिटात सुधारतो, पण तो ओळखला नाही तर दिवस जातो.

रचना आणि वंगण यांचे नाते इतर रायफलींच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होते. एम-१६ मध्ये गॅस पिस्टनऐवजी नळीतून थेट बोल्ट कॅरियरमध्ये येतो, म्हणजे काजळीही तिथेच येते. ती रायफल मळकट असली तरी ओली असेल तर बरेच दिवस चालते, पण मळकट आणि कोरडी झाली की थांबते. व्हिएतनाममध्ये ती अडकू लागली तेव्हा काडतुसातील दारूचा प्रकार बदललेला होता, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि सफाईचे साहित्यही सैनिकांना पुरेसे मिळाले नव्हते. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आला आणि सफाईची शिस्तही आली. दोष एका जागी नसून दारू, धातू आणि वंगण यांच्या जोडणीत होता, ही गोष्ट मला आर्मोररच्या कामात फार उपयोगी पडली. कलाश्निकोव्हची ख्याती सैल जुळणीमुळे आहे असे म्हणतात ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. पिस्टन कॅरियरलाच जोडलेला असल्याने हलणारे वजन मोठे असते, आणि काडतुसाचा आकार निमुळता असल्याने पुंगळी थोडी सरकताच भिंतीपासून सुटते. एसएलआरची जुळणी त्या मानाने घट्ट आहे. म्हणूनच वाळवंटातल्या अनुभवानंतर ब्रिटिशांनी आपल्या एफएएल जातीच्या रायफलींच्या कॅरियरवर तिरके खाचे पाडले, जेणेकरून आत शिरलेल्या वाळूला जायला जागा मिळावी. तुमच्या कॅरियरवर असे खाचे असतील तर ते तेलाने भरून ठेवू नयेत, ते रिकामे राहण्यासाठीच आहेत.

अमेरिकी रचनाकार पेडरसन यांच्या रायफलीचे उदाहरणही येथे लागू पडते. गॅरंडच्या स्पर्धेत असलेल्या त्या रायफलीला पुंगळी सहज सुटावी म्हणून काडतुसांवर मेणाचा पातळ थर द्यावा लागत असे. जर्मन जी-३ मध्ये तेच काम चेंबरच्या भिंतीत लांबट खाचा पाडून साधले, ज्यातून गॅस पुंगळीभोवती शिरतो आणि तिला भिंतीपासून मोकळी ठेवतो. दोन्ही ठिकाणी ही सूट मूळ रचनेतच हिशेबात धरलेली होती. एसएलआरच्या रचनेत तो हिशेब नाही, त्यामुळे पुंगळी अडकते म्हणून काडतुसांना तेलाचा हात देण्याची जी सवय मी एक-दोन ठिकाणी पाहिली ती ताबडतोब थांबवली पाहिजे.

पॉइंट बावीसच्या अर्धस्वयंचलित रायफलीत गॅसही नाही आणि कुलूपही नाही; बोल्टचे वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच ती चालते. तिच्या शिशाच्या गोळीवर मेणाचे वंगण असते आणि तिच्या रिमफायर (कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसाच्या बारमिश्रणात, म्हणजे आघाताने पेट घेणाऱ्या मिश्रणात, अनेकदा काचेची बारीक पूड असते. हे सारे तेलात कालवले गेले की बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या खाली राखाडी चिखल जमतो. तिला एसएलआरपेक्षा कमी तेल आणि जास्त वेळा सफाई लागते. स्प्रिंग वेगवान काडतुसांसाठी जुळवलेली असेल, म्हणजे सेकंदाला सुमारे ३८० मीटरच्या, तर सुमारे ३२५ मीटरची साधी काडतुसे तिला पूर्ण मागे ढकलू शकत नाहीत, आणि मग स्वच्छ, सुस्थितीतली रायफलही अडकते. अशा वेळी तेलाची बाटली उघडण्यापूर्वी काडतुसाचा डबा बदलून पाहावा.

मॅगझिनविषयी थोडेच सांगायचे आहे: त्यांना क्रमांक घालावेत. दोष रायफलीबरोबर फिरतो की मॅगझिनबरोबर, हे दोन फेऱ्यांत कळते, आणि ओठ वाकलेले मॅगझिन ठोकून सरळ करण्याऐवजी बाद करावे. मॅगझिनच्या आत तेल नको.

इतके सारे करूनही तीच रायफल त्याच जागी थांबत असेल तर ती पुन्हा पुसू नये. अडकलेली पुंगळी फेकून न देता चिंदीत गुंडाळावी आणि एका चिठ्ठीवर रायफलीचा व मॅगझिनचा क्रमांक, कितवी गोळी, रेग्युलेटरचा टप्पा, कोणते तेल किती दिवसांपूर्वी दिले होते आणि कॅरियर कुठे थांबला होता, एवढे लिहून ती पुंगळीसह आर्मोररकडे द्यावी. पुंगळीच्या कडेवरचा ओरखडा आणि तिच्या अंगावरची काजळी पाहून निम्मे निदान रायफल उघडण्यापूर्वीच करता येते.